मर्सिडीजची इंजिनं, धुराचा लोट आणि नेताजींचा पाणबुडीतला प्रवास

पिंपरी-चिंचवडकरांना मर्सिडीजचं अप्रूप नाही. १९९५ मध्ये पिंपरीतल्या टेल्कोच्या कारखान्यात या गाड्यांची जुळणी सुरू झाली आणि २००९ मध्ये कंपनीचा स्वतःचा प्लांट चाकणला उभा राहिला. पण याच मर्सिडीजची इंजिनं दुसऱ्या महायुद्धात एका जर्मन पाणबुडीत बसवली होती आणि त्या पाणबुडीतून सुभाषचंद्र बोस जर्मनीहून आशियाकडे निघाले होते, हे फारसं कुणाला माहीत नसतं.

मुळात सुभाषबाबूंना पाणबुडीतून जायची वेळ का आली?

२३ जानेवारी १८९७ ला कटकमध्ये जन्म. आयसीएस परीक्षेत चौथा क्रमांक, तरीही १९२१ मध्ये राजीनामा. १९३८ आणि १९३९ असं दोनदा काँग्रेसचं अध्यक्षपद. जून १९४० मध्ये ते मुंबईत सावरकरांना भेटले. त्यानंतर काही दिवसांतच कोलकात्यात अटक झाली आणि पुढे घरातच नजरकैद. जानेवारी १९४१ मध्ये एका रात्री ते तिथून निसटले. पेशावर, काबूल, मॉस्को करत, ऑरलांडो माझोटा या नावाच्या इटालियन पासपोर्टवर एप्रिलमध्ये बर्लिनला पोहोचले.

बर्लिनमध्ये आझाद हिंद रेडिओ सुरू झाला, भारतीय युद्धकैद्यांमधून सुमारे ३ हजार जणांची तुकडीही उभी राहिली. पण मे १९४२ मध्ये हिटलरला भेटूनही भारताच्या स्वातंत्र्याला जाहीर पाठिंबा काही मिळाला नाही. तोवर सिंगापूर पडलं होतं आणि ब्रिटिशांच्या फौजेतले हजारो भारतीय सैनिक जपानच्या कैदेत होते. खरी फौज तिकडे उभी राहणार होती. पण विमानानं जायचे बेत जमेनात. रशियावरून उडायला जपान तयार नव्हता, कारण दोघांमध्ये तटस्थतेचा करार होता. शेवटी उरला समुद्र.

८ फेब्रुवारी १९४३ ला त्यांनी थोरले बंधू शरदबाबूंसाठी बंगालीत एक पत्र लिहून ठेवलं. आपण लग्न केलंय, आपल्याला एक मुलगी आहे आणि आपल्यामागे त्यांना सांभाळावं, असं त्यात होतं. पत्नी एमिली शेंकल ऑस्ट्रियाच्या. मुलगी अनिता तेव्हा जेमतेम १० आठवड्यांची होती. दुसऱ्या दिवशी, ९ फेब्रुवारीला, कील बंदरातून यू-१८० निघाली. सोबत होते फक्त हैदराबादचे आबिद हसन.

आता या पाणबुडीचा विषय. ब्रेमेनमध्ये बांधलेली यू-१८० मे १९४२ मध्ये नौदलात दाखल झाली. कमांडर होते वेर्नर मुसेनबर्ग. ती ज्या प्रकारची होती, त्या प्रकारच्या फक्त दोनच पाणबुड्या जर्मनीनं बांधल्या. त्याचं कारण इंजिनं. पाणबुडी पाण्याखाली बॅटरीवर चालायची, पृष्ठभागावर मात्र डिझेलवर. पृष्ठभागावरचा वेग वाढवायचा म्हणून वेगवान टॉर्पेडो बोटींसाठी बनवलेली मर्सिडीजची सहा एमबी ५०१ इंजिनं हिच्यात बसवली. एकेका इंजिनाला २० सिलिंडर. वेग मिळाला, पण इंजिनं तापायची आणि धुराचा लांबलचक लोट सोडायची. लपणं हेच जिचं काम, तिनं दुरून दिसेल असा धूर सोडायचा! नजरकैदेतून निसटलेल्या माणसासाठी यापेक्षा विचित्र वाहन सापडलं नसतं.

आत जागा तोकडी आणि सगळीकडे डिझेलचा वास. हसन यांनी नंतर सांगितलेल्या आठवणींनुसार, जहाजावरच्या शिध्यात त्यांना तांदूळ आणि डाळ सापडली, तेव्हा कुठे नेताजींच्या जेवणाचा प्रश्न थोडा सुटला. त्या कोंदट जागेतही काम थांबलं नाही. नेताजी मजकूर सांगायचे, हसन टाइप करायचे. स्त्रियांची स्वतंत्र पलटण कशी असावी, याचा विचारही याच प्रवासातला. पुढे तिला नाव मिळालं झाशीच्या राणीचं.

हा प्रवास नुसताच लपूनछपून झाला नाही. १८ एप्रिलला दक्षिण आफ्रिकेजवळ यू-१८० नं कॉर्बिस हे ब्रिटिश तेलवाहू जहाज बुडवलं. नेताजी तेव्हा पाणबुडीतच होते.

मादागास्करजवळ आय-२९ ही जपानी पाणबुडी वाट पाहत होती. २६ एप्रिलला गाठ पडली, पण समुद्र इतका खवळलेला की दोन दिवस थांबावं लागलं. २८ तारखेला रबरी तराफ्यात बसून, लाटांमध्ये चिंब भिजत दोघे पलीकडे गेले. बदल्यात जर्मनांकडे दोन जपानी अधिकारी आणि सुमारे दोन टन सोनं आलं. जपान्यांनी पेनांगहून भारतीय मसाले आणून ठेवले होते, म्हणून इथे जेवणाची चैन झाली.

पण आय-२९ ची आणखी एक ओळख आहे आणि ती या गोष्टीत सहसा सांगितली जात नाही. मुंबईहून आफ्रिकेकडे निघालेलं तिलावा हे प्रवासी जहाज २३ नोव्हेंबर १९४२ ला याच पाणबुडीनं बुडवलं होतं. ९५८ पैकी २८० जण गेले, त्यात बरेचसे भारतीय. जेमतेम पाच महिन्यांनी तीच पाणबुडी भारताच्या स्वातंत्र्यासाठी निघालेल्या माणसाला घेऊन पूर्वेकडे चालली होती. नेताजींच्या प्रवासाचं मोठेपण सांगताना ही बाजू गाळणं बरोबर नाही.

मे महिन्यात ते सुमात्राजवळच्या साबांगला उतरले. ४ जुलैला सिंगापुरात रासबिहारी बोस यांनी चळवळीची सूत्रं त्यांच्याकडे दिली, २१ ऑक्टोबरला आझाद हिंद सरकार जाहीर झालं. त्या सरकारात एक मराठी माणूसही होता: सावंतवाडी संस्थानातल्या तिरोड्याचे जगन्नाथराव भोसले.

यू-१८० जुलैमध्ये बोर्दोला परतली. तिची ती सहा इंजिनं काढून साधी डिझेल इंजिनं बसवली, टॉर्पेडोच्या नळ्या काढल्या आणि तिला मालवाहू केलं. ऑगस्ट १९४४ मध्ये ती जपानच्या दिशेनं निघाली आणि बिस्केच्या उपसागरातच ५६ जणांसह नाहीशी झाली. त्याच्या महिनाभर आधी आय-२९ ला अमेरिकी पाणबुडीनं बुडवलं होतं.

१८ ऑगस्ट १९४५ ला तैपेईतल्या विमान अपघातानंतर नेताजींचं निधन झालं. कीलहून निघाल्यावर त्यांना मुलीला पुन्हा पाहता आलं नाही. १९४८ मध्ये शरदबाबू व्हिएन्नाला गेले आणि एमिली व अनिता यांना भेटले. अनिता तेव्हा सहा वर्षांची होत आली होती.