दगड वाचणारा तरुण

मुलांनो, डॉ. लिव्हिंग्स्टन यांचे नाव तुम्ही ऐकले असेल. १८५८ साली ते आफ्रिकेतील झांबेझी नदीच्या मोहिमेवर निघाले. त्यांच्याबरोबर रिचर्ड थॉर्नटन हा तरुण भूगर्भशास्त्रज्ञ होता. नदीकाठचे खडक फोडून पाहायचे, नमुने जमवायचे, वहीत नोंदी करायच्या, हे त्याचे काम. टेटे गावाजवळचा दगडी कोळसा त्याने तपासला.

पुढे तो तापाने आजारी पडला. काम मागे पडले. लिव्हिंग्स्टन यांनी त्याला आळशी ठरवून १८५९ मध्ये काढून टाकले. केवढा हा अन्याय! पण त्याने खडकांचा अभ्यास सोडला नाही. १८६१ मध्ये किलिमांजारोच्या उतारावरील खडक पाहून हा पर्वत ज्वालामुखीचा आहे, हे त्याने ओळखले.

नंतर तो पुन्हा मोहिमेत आला. उपाशी मिशनऱ्यांसाठी दूरवरून शेळ्यामेंढ्या आणताना तो खचला. १८६३ च्या एप्रिलमध्ये, वयाच्या अवघ्या २५ व्या वर्षी, त्याला शिरे नदीकाठी एका मोठ्या झाडाखाली पुरण्यात आले.