डोंबिवली स्थानकावर सुचलेल्या अवाढव्य संख्या

भिवंडी : उल्हास नदीच्या पलीकडच्या तीरावरील डोंबिवली स्थानकातून रोज लाखो प्रवासी ये-जा करतात. गणितातील एका संख्यासमूहाला या स्थानकाचे नाव मिळाले आहे, हे त्यांच्यापैकी फारच थोड्यांना ठाऊक असेल. त्या संख्यांना ‘डेमलो संख्या’ म्हणतात. जी.आय.पी. रेल्वेच्या काळात हे स्थानक डेमलो म्हणून ओळखले जात असे आणि दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांना या संख्यांची कल्पना तेथेच सुचली.

कापरेकरांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू येथे झाला. डहाणू त्या वेळी ठाणे जिल्ह्यात होते. २०१४ पासून ते पालघर जिल्ह्यात आहे. आठव्या वर्षी मातृछत्र हरपले. कारकुनी करणाऱ्या वडिलांना ज्योतिषाचा नाद होता आणि त्या आकडेमोडीतूनच मुलाला अंकांची गोडी लागली असावी. ठाण्यात शालेय शिक्षण घेऊन ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात दाखल झाले. तेथे १९२७ मध्ये त्यांनी रँग्लर परांजपे गणित पारितोषिक पटकावले आणि १९२९ मध्ये मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. पदवी मिळवली. पदव्युत्तर शिक्षण मात्र त्यांना लाभले नाही. १९३० ते १९६२ अशी बत्तीस वर्षे ते नाशिकजवळच्या देवळालीत शाळामास्तर होते.

डेमलो संख्यांची गंमत कागद-पेन्सिल घेऊन कोणालाही पडताळता येते. ११ चा वर्ग १२१, १११ चा १२३२१. असे करत नऊ एककांच्या संख्येचा वर्ग केला की १२३४५६७८९८७६५४३२१ ही सतरा अंकी संख्या मिळते. आकडे पायरीपायरीने नऊपर्यंत चढतात आणि तसेच उतरतात. दहा एकक घेतले, की मधल्या स्तंभाची बेरीज दहा होते, हातचा पुढे जातो आणि उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१ असे येते. डौल बिघडतो, पण नियम तोच राहतो.

त्यांना खरी कीर्ती मिळाली ती ६१७४ या संख्येमुळे. सर्व अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी. तिचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून मोठीतून लहान वजा करावी आणि उत्तरावर हीच कृती पुन्हा करावी. ३५२४ पासून सुरुवात केली, तर ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७. ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२. आणि ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत प्रत्येक संख्या येथेच येऊन थांबते. १९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत कापरेकरांनी हे मांडले.

विद्यापीठीय गणितज्ञांनी या साऱ्याची गणना करमणुकीत केली. नामांकित नियतकालिकांत स्थान मिळेना, तेव्हा त्यांनी पदरमोड करून पुस्तिका छापल्या आणि स्वखर्चाने परिषदांना हजेरी लावली. उपेक्षेला अगदीच आधार नव्हता असे नाही. त्यांच्या कामात निरीक्षणे विपुल होती, सिद्धता त्या मानाने कमी. तरीही ज्या संख्यांना त्यांचे नाव मिळाले, त्यांचे लेणे नाकारता येत नाही. ४५ चा वर्ग २०२५ आणि २० अधिक २५ पुन्हा ४५. १४२८५७ चा वर्ग २०४०८१२२४४९. त्याचे २०४०८ आणि १२२४४९ असे दोन भाग जोडले, की मूळ संख्या परत येते. केवळ नवांनी बनलेली संख्या कितीही लांब असली, तरी हा गुण सोडत नाही. कोणत्याही संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवून ज्या संख्या तयार होत नाहीत, त्यांना त्यांनी कर्मभूमीवरून देवळाली संख्या म्हटले. २०, ३१ आणि ४२ या त्यांपैकीच.

१९६६ मध्ये पत्नीचे निधन झाले. निवृत्तिवेतन पुरेना म्हणून गणित-विज्ञानाच्या शिकवण्या घ्याव्या लागल्या. मार्च १९७५ मध्ये अमेरिकेतील ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकात मार्टिन गार्डनर यांनी आपल्या सदरात त्यांच्या कामावर लिहिले आणि जगभरच्या गणितप्रेमींना देवळालीच्या या मास्तरांचे नाव कळले. तेव्हा ते सत्तरीचे होते आणि शाळेतून निवृत्त होऊन तेरा वर्षे लोटली होती. १९८६ मध्ये देवळालीतच त्यांचे निधन झाले.