पंडिता रमाबाई आणि नियमांचे जू

पेण व रोहे या भागांतील आपल्या मंडळ्या लहान आहेत. पाच-सात घरे जमली म्हणजे आपण मंडळी भरली असे म्हणतो. अशाच एका मंडळीत गेल्या पावसाळ्यात प्रीतिभोजन झाले. त्या दिवसांत ताजी मासळी मिळत नाही, म्हणून सुकटीचे कालवण व भाजलेले बोंबील केले होते. नुकतीच प्रभूकडे आलेली एक विधवा बहीण पंक्तीस बसली, आणि तिने नुसता भात व मीठ वाढून घेतले. जन्मापासून तिच्या घरी मासळी शिजली नव्हती. तेव्हा पंचांपैकी एक वयोवृद्ध गृहस्थ सर्वांदेखत म्हणाले की, जिच्या पोटातून जात गेली नाही तिच्या अंतःकरणात ख्रिस्त आला असे कसे म्हणावे. आणि पुढल्या रविवारी तिला प्रभुभोजनास घ्यावे की नाही, हाही प्रश्न त्यांनी तेथेच काढला. हे गृहस्थ दुष्ट नव्हेत. कोणाच्या घरी आजार असला तर रात्री-अपरात्री प्रार्थनेस धावून जाणारे तेच पहिले. त्या बहिणीने मान खाली घातली. मी त्या पंक्तीत बसलो होतो व काही बोललो नाही, याची मला आजवर लाज वाटते. घरी परतताना मला पंडिता रमाबाईंचे स्मरण झाले, आणि त्यांचे चरित्र मी पुन्हा हाती घेतले.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतील गंगामूळ येथील अरण्यात झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान व फार नेमनिष्ठ. पत्नीस संस्कृत शिकविले म्हणून स्वजातीयांचा रोष त्यांनी पत्करला, परंतु व्रते, दाने, उपवास व तीर्थयात्रा यांत कसूर केली नाही. कुटुंब पुराणे सांगत देशभर फिरे, आणि मिळालेले द्रव्य धर्मकृत्यांत खर्च होई. पुढे दक्षिणेत दुष्काळ पडला, पैसा संपला, आणि मोलमजुरी करणे कुळास शोभत नाही म्हणून ती माणसे उपाशी राहिली. १८७४ मध्ये वडील व आई, आणि मागोमाग थोरली बहीण, अशी तिघे गेली. नियम मोडला नाही. माणसे मात्र मोडली. रमाबाई तेव्हा सोळा वर्षांच्या होत्या. धाकटी बहीण व थोरला भाऊ अशी दोघे अनवाणी चालत हजारो मैल हिंडली.

१८७८ मध्ये कलकत्त्यास पंडितांनी त्यांची परीक्षा घेऊन त्यांस पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. १८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी जात न पाहता त्यांनी विवाह केला. १८८२ च्या आरंभी तेही पटकीने गेले. पदरी मनोरमा नावाची तान्ही मुलगी. त्या पुण्यास आल्या, आर्य महिला समाज स्थापिला, आणि १८८३ मध्ये इंग्लंडास निघाल्या. तेथे वाँटेज गावच्या सेंट मेरी संघातील भगिनींनी त्यांस आश्रय दिला.

येथे एक गोष्ट विसरता कामा नये. लंडनातील फुलहॅम येथे या भगिनी पतित स्त्रियांसाठी एक गृह चालवीत असत. ज्या स्त्रियांस जगाने टाकून दिले त्यांची सेवा या कुलीन बाया करितात, हे पाहून रमाबाई थक्क झाल्या. असे का करिता म्हणून त्यांनी विचारले, तेव्हा एका भगिनीने प्रभू येशू व शोमरोनी स्त्री यांची भेट त्यांस वाचून दाखविली. तेथे त्यांचे अंतःकरण विरघळले. नीळकंठशास्त्री ऊर्फ नेहेम्या गोऱ्हे यांच्या लेखनानेही पुष्कळ शंका फिटल्या, आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी मायलेकींचा बाप्तिस्मा झाला. सिस्टर जेराल्डिन यांस रमाबाई आपली आध्यात्मिक माता मानीत, व छोटी मनोरमा त्यांस आजीबाई म्हणे.

या आजीबाईंशीच पुढे वाद उद्भवला. रमाबाई अन्नात मांस, मासे घेत नसत. अंडे घातलेला गोड पदार्थही त्या बाजूस सारीत. जेराल्डिनबाईंस यात जातीचा अभिमान दिसला. ख्रिस्ती झाल्यावर असले सोवळे वाऱ्यावर सोडून द्यावयास हवे होते, असे त्यांचे मत. रमाबाईंनी काही कमी तिखट उत्तर दिले नाही. दुधालोण्यात आणि गोडाच्या वाडग्यात ज्यांस अभिमान शोधावयाचा असेल त्यांनी तो खुशाल शोधावा, पण आपण ज्यांचे मन दुखवीत नाही त्यांनी आपल्या ताटात डोकावू नये, असा त्यांच्या लिहिण्याचा रोख होता.

दुसरा वाद क्रुसाच्या पदकाचा. भगिनींच्या क्रुसावर लॅटिन अक्षरे असत. रमाबाईंनी संस्कृत अक्षरे मागितली. आपल्या लोकांस जी भाषा समजत नाही तीत संस्कृताहून अधिक कोणते पावित्र्य आहे, हा त्यांचा प्रश्न होता, आणि मला तो आजही बिनतोड वाटतो. आपल्या खेड्यांतही पाटलोण घालून प्रार्थनेस येणारा सुधारलेला ख्रिस्ती आणि धोतर नेसणारा कच्चा, असे मानणारे लोक माझ्या लहानपणी होते.

तिसरा वाद चेल्टनहॅमचा. तेथील मुलींच्या कॉलेजात रमाबाई शिकत व संस्कृत शिकवीत असत. हिंदुस्थानात जाऊ इच्छिणाऱ्या तरुण पुरुषांस त्यांनी शिकवावे असे निघाले, तेव्हा मुंबई व लाहोर येथील बिशपांनी हरकत घेतली की, स्त्रीने पुरुषांस शिकविल्याने स्वदेशी तिचे नाव बिघडेल. रमाबाईंस आश्चर्य याचे वाटले की, वडिलांनी व पतीने ज्यास कधी हरकत घेतली नाही त्यास या धर्मगुरूंनी घ्यावी.

या सर्वांच्या मुळाशी एक खोल प्रश्न होता. त्र्यैक्य, प्रभूचा चमत्कारिक जन्म इत्यादी तत्त्वांविषयी रमाबाईंस शंका होत्या, आणि त्या लपवीत नसत. आज्ञाधारकपणा हा ख्रिस्ती माणसाचा पहिला गुण आहे असे भगिनींचे सांगणे होते; मनोरमेच्या धर्मशिक्षणाविषयीही आईपेक्षा आपला शब्द चालावा असे त्यांस वाटे. रमाबाईंचे म्हणणे असे की, भटभिक्षुकांच्या जुवाखालून आपण मोठ्या कष्टाने मान सोडविली ती दुसरे जू घालण्यासाठी नव्हे. आपला बाप्तिस्मा ख्रिस्ताच्या सार्वत्रिक मंडळीत झाला आहे, कोणा एका पंथाच्या सर्व नियमपत्रकांत नव्हे. कॉलेजच्या प्रमुख डोरोथिया बील याही निष्ठावंत ख्रिस्ती होत्या, परंतु त्यांची रीत वेगळी. शंका विचारणाऱ्यास हुकूम देऊन गप्प बसवू नये, तिच्याबरोबर बसून विचार करावा, असे त्या समजत व तसे करीत. या दोन रीतींपैकी कोणत्या रीतीने रमाबाई प्रभूच्या अधिक जवळ गेल्या, हे वाचकांनीच पाहावे.

येथे एक आडगोष्ट सांगतो. असल्या माणसांस आपण झटकन परूशी म्हणतो. परंतु पेणकर, रोहेकर अशी आडनावे असलेले बेने इस्राएल आपल्याच गावांतून पिढ्यान्‌पिढ्या राहिले. शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवीत म्हणून लोक त्यांस शनवार तेली म्हणत. त्यांपैकी पुष्कळ जण १९४८ नंतर इस्राएल देशी गेले. कमाईचा एक दिवस सोडणारी ती माणसे आपला शब्बाथ पाळीत. दुसऱ्याने पाळला नाही म्हणून त्याचे ताट ओढून घेत नसत. परूशी शोधावयाचा तर त्यांच्या आळीत जाण्याचे कारण नाही.

१८८६ मध्ये रमाबाई अमेरिकेस गेल्या, आणि तेथून साहाय्य मिळवून ११ मार्च १८८९ रोजी मुंबईस त्यांनी विधवांसाठी शारदा सदन उघडले. पुढल्या वर्षी ते पुण्यास नेले. आता नियम करण्याचा अधिकार त्यांच्या हाती आला. ज्यास अनेक वर्षे टोचले गेले तो पुष्कळदा अधिकार मिळताच दुसऱ्यास टोचू लागतो. रमाबाईंनी तसे केले नाही. ब्राह्मण विधवांस आपला सोवळ्याचा स्वयंपाक ठेवण्याची मोकळीक होती. धर्मशिक्षणाची सक्ती नव्हती. त्या स्वतः आपल्या खोलीत प्रार्थना करीत आणि दार उघडे ठेवीत. ज्या मुलीस यावेसे वाटे ती येई. यावर पुष्कळ ख्रिस्ती लोक रागावले: ही बाई प्रभूचे नाव लपविते. उलट पुण्यातील हिंदू पुढारी रागावले: ही मुलींस बाटविते. १८९३ मध्ये रानडे, भांडारकर इत्यादी सल्लागारांनी अंग काढून घेतले व कित्येक मुली घरच्यांनी परत नेल्या. दार मात्र रमाबाईंनी लावले नाही.

याच काळात, १८९१ च्या सुमारास, त्यांच्या आयुष्यातील मोठी गोष्ट घडली. विल्यम हॅस्लम या इंग्रज पाळकाचे आत्मचरित्र त्यांनी वाचले. हा मनुष्य दीक्षित पाळक असून स्वतःच तारणाविना होता, हे वाचून रमाबाई दचकल्या. आपणांस ख्रिस्ती धर्म मिळाला आहे, परंतु ख्रिस्त मिळालेला नाही, असे त्यांच्या ध्यानी आले. बाप्तिस्मा, उपासना, सत्कृत्ये यांच्या आधारावर आपणही उभ्या आहोत, म्हणजे ज्या जुवाविरुद्ध आपण लढलो ते आपल्याच खांद्यावर आहे, हे त्यांनी ओळखले व पुढे आपल्या साक्षीत उघड लिहिले. दुसऱ्याचा स्वनीतिमानपणा ओळखणे सोपे असते. त्यांनी आपला ओळखला.

पुढील वृत्तांत आपणांपैकी बहुतेकांस ठाऊक आहे. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून त्यांनी सुमारे ३०० मुली व बाया आणिल्या. पुणे जिल्ह्यात केडगाव येथे मुक्ती सदन उभे राहिले. १९०० च्या दुष्काळानंतर तेथे सुमारे १,९०० जीव होते. सर्व जातींच्या मुली तेथे एकत्र राहू लागल्या. फुलहॅममध्ये पाहिलेल्या गृहासारखेच पतित स्त्रियांसाठी कृपा सदन त्यांनी काढिले. १९०५ मध्ये तेथे मोठे आत्मिक जागरण झाले. मुली मोठ्याने रडून प्रार्थना करू लागल्या, तेव्हा शांत उपासनेची सवय असलेल्या कित्येकांनी नाके मुरडली. रमाबाईंनी मुलींस दाबले नाही.

त्या निर्दोष होत्या असे मी म्हणणार नाही. उत्तरवयात त्यांनी इब्री व हेल्लेणी भाषा शिकून पवित्र शास्त्राचे सोप्या मराठीत भाषांतर केले, तेव्हा हिंदू धर्माचा वास येणारे शब्द त्यांनी कटाक्षाने निवडून काढिले. क्रुसावर संस्कृत मागणारी तीच ही बाई! मला यात थोडी कठोरता दिसते. परंतु ते भाषांतर मुक्तीच्या मुलींनीच छापले, व ते एखाद्या शेतकरणीस समजावे ही त्यांची तळमळ होती. जुलै १८२१ नव्हे, १९२१ च्या जुलैत मनोरमा आईच्या आधी गेली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईही प्रभूकडे गेल्या. संपूर्ण शास्त्र १९२४ मध्ये बाहेर पडले.

हे सर्व मी गेल्या महिन्यात त्या मंडळीच्या घरसभेत सांगितले. रोमकरांस पत्राचा चौदावा अध्याय आधी वाचला, व पंक्तीत गप्प बसलो ही माझी चूक त्या बहिणीसमोर कबूल केली. ते वृद्ध पंच पुढेच बसले होते. मी कोणाचे नाव घेतले नाही. सभा संपल्यावर त्यांनी मला एकच गोष्ट विचारली: विलायतेतील त्या आजीबाईंस रमाबाईंनी लिहिलेली कडक पत्रे आज आपणांस कशी कळतात?

मी त्यांस सांगितले की, ती पत्रे सिस्टर जेराल्डिन यांनीच जपून ठेविली. आपली पत्रे आणि त्यांस आलेली तिखट उत्तरे, दोन्ही. म्हातारपणी त्यांनी ती एकत्र लावली, आणि १९७७ मध्ये मुंबईस महाराष्ट्र शासनाच्या साहित्य संस्कृती मंडळाने ती छापली. वाद झाल्यानंतरही दोघींचा पत्रव्यवहार तुटला नव्हता.

ते काही बोलले नाहीत. कंदील घेऊन ते मला ओढ्यापर्यंत पोहोचवावयास आले, आणि निरोप घेताना म्हणाले की, पुढल्या प्रीतिभोजनास वालाचे बिरडे त्यांच्या घरून येईल.