ठेका गेला, जंगल राहिले

बाबू देवकीनंदन खत्री हे नाव आपल्याकडे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना ते बहुधा १९९४ साली दूरदर्शनवर सुरू झालेल्या 'चंद्रकांता' मालिकेमुळे. ती मालिकाही आम्हा मुलामुलींच्या जन्माआधीची. परंतु जी मूळ कादंबरी या गृहस्थांनी शंभरहून अधिक वर्षांपूर्वी लिहिली, तिच्यामागचे त्यांचे आयुष्य वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांनी मुद्दाम वाचावे असे आहे. म्हणून हा लेखनप्रपंच.

देवकीनंदनांचा जन्म १८६१ सालचा, आजच्या बिहारातील मुजफ्फरपूर भागात, आजोळी झालेला. वडिलांचे नाव ईश्वरदास. लहानपणी त्यांना उर्दू-फारसीचे शिक्षण मिळाले. हिंदी, संस्कृत आणि इंग्रजी ते पुढे काशीला आल्यावर शिकले. घरी कन्नड आणि शाळेत मराठी अशा दोन भाषांत वाढलेल्या माझ्यासारखीला ही गोष्ट फार जवळची वाटली. पुढे हिंदीतले एवढे मोठे नाव झालेला हा लेखक हिंदीकडे दुसऱ्या भाषेच्या अंगणातून आला होता.

तरुणपणी गयेजवळच्या टिकारी संस्थानाशी त्यांचा व्यवहार होता. नंतर काशीच्या महाराजांच्या कृपेने त्यांना चकिया आणि नौगढच्या जंगलांचा ठेका मिळाला. ठेकेदाराने लाकूड मोजावे, मजुरी चुकती करावी, हिशेब लिहावा. हे सारे त्यांनी केलेच असणार. पण त्याबरोबर ते त्या रानात मनसोक्त हिंडले. डोंगर, गुहा, पडके किल्ले, ओसाड वाडे सारे त्यांनी पायाखाली घातले. पुढे तो ठेका त्यांच्या हातून गेला. जमाखर्चाच्या वहीत याची नोंद नुकसान अशीच होईल. परंतु डोळ्यांत साठवलेले जंगल कोणी परत मागितले नव्हते. त्यातूनच नौगढचा राजकुमार वीरेंद्रसिंह आणि विजयगढची राजकन्या चंद्रकांता यांची कथा जन्माला आली.

ही पुस्तके मला भेटली भोपाळला. माझे मामा तिथे कारखान्यात आहेत. मामी भोपाळच्याच मराठी घरातल्या, पण शिक्षण सगळे हिंदीतून झालेले. त्यांच्या माहेरून आलेला 'चंद्रकांता', 'चंद्रकांता संतति' आणि 'भूतनाथ' यांचा जुना संच पिपलानीच्या घरी कपाटात आहे. लिपी आपलीच, त्यामुळे पहिली पन्नास पाने अडखळत गेली आणि पुढची धावत. त्या काळी ही कादंबरी वाचता यावी म्हणून कितीतरी उर्दू जाणणारे लोक देवनागरी शिकले असे सांगतात. ते मला मुळीच खोटे वाटत नाही.

यातले खरे नायक म्हणजे ऐयार. वेष पालटण्यात पटाईत, बेशुद्ध करण्याची भुकटी आणि शुद्धीवर आणणारा लखलखा बटव्यात बाळगणारे, आपल्या धन्यासाठी जीव पणाला लावणारे. शिवाय तिलिस्म, म्हणजे कळसूत्री दारांनी आणि भुयारांनी भरलेली गुप्त जागा. मामांनी आम्हांला भोपाळजवळच्या जगदीशपूरला नेले होते. पूर्वी त्याला इस्लामनगर म्हणत. तिथले चमन महाल आणि रानी महाल पाहताना मी प्रत्येक बंद दारापाशी थबकत होते. खंडहर सगळ्यांनाच दिसतात, पण त्याच्या आत काय असेल हे त्या ठेकेदाराने पाहिले.

'चंद्रकांता' चार भागांची. तिला अपार यश मिळाले तेव्हा त्यांनी 'संतति'चे चोवीस भाग लिहिले. १८९८ साली त्यांनी काशीत स्वतःचा लहरी प्रेस काढला. लेखक आपणच, छापणारे आपणच, विकणारेही आपणच! १९०० साली माधवप्रसाद मिश्र यांच्याबरोबर 'सुदर्शन' नावाचे मासिकही त्यांनी सुरू केले. शेवटी 'संतति'तल्या भूतनाथ या भानगडखोर ऐयाराची हकीकत त्यांनी लिहायला घेतली. तिचे सहा भाग झाले आणि १९१३ साली, वयाच्या अवघ्या बावन्नाव्या वर्षी, त्यांचे देहावसान झाले. 'भूतनाथ' अर्धाच राहिला.

दोन वर्षांपूर्वी मी 'संतति'पर्यंत येऊन थांबले होते. यंदा 'भूतनाथ' हाती घेण्याआधी सगळे अठ्ठावीस भाग पुन्हा वाचले. मामी हसल्या, गोष्ट ठाऊक असताना परत कशाला, असे त्यांना वाटले. पण 'भूतनाथ' लिहिला शेवटी असला तरी त्यातल्या घटना आधीच्या आहेत. त्या माणसाने पुढे काय भोगले हे मनात ताजे नसेल तर त्याच्या पूर्वायुष्यातली पापे नुसती करामत वाटतील. शिवाय दुसऱ्या वाचनात कोणत्या वेषात कोण आहे हे आपल्याला आधीच कळलेले असते. मग रहस्याची घाई उरत नाही, आणि लेखकाने सुगावा कुठे ठेवला होता ते दिसू लागते.

दोन्ही वाचनांच्या मधल्या काळात आमच्या घरी एक गोष्ट घडली. बाबांचा मालवाहतुकीचा ठेका दुसऱ्याकडे गेला. लॉरी विकावी लागली. बरेच महिने बाबा ओसरीवर बसून असत. पहिल्या वेळी देवकीनंदनांचा ठेका गेल्याचे वाक्य मी एका ओळीत ओलांडले होते, या वेळी तिथे बोट ठेवून बसले. बाबांनाही प्रत्येक घाट, प्रत्येक वजनकाटा, वेळेवर पैसे देणारा प्रत्येक व्यापारी तोंडपाठ आहे. ते ज्ञान लॉरीबरोबर विकले गेले नव्हते. हल्ली ते एक टेबल टाकून इतरांच्या गाड्यांना माल मिळवून देतात. कमाई थोडी आहे. वही मी लिहिते.

देवकीनंदन गेले तेव्हा त्यांचे चिरंजीव दुर्गाप्रसाद अठरा वर्षांचे होते. वडिलांनी सहाव्या भागाशी सोडलेला 'भूतनाथ' पुढे त्यांनीच एकविसाव्या भागापर्यंत नेऊन पुरा केला. आपल्या स्वतंत्र कादंबऱ्याही त्यांनी लिहिल्या. त्यांत विज्ञान आले, क्रांतिकारक आले. म्हणजे वडिलांचे काम पुरे करूनही त्यांनी आपला रस्ता निराळा ठेवला.

सहा भाग वाचून झाले आहेत. सातव्यापासून हात बदलतो. तो बदल आपल्याला ओळखू येईल का, याची मला जेवढी उत्सुकता आहे तेवढीच धास्तीही आहे. मामींनी पुढचे भाग बरोबर बांधून दिले आहेत. परीक्षा संपली की सातवा उघडायचा.