तांब्याच्या तारेचा हिशेब

जर्मनीतील एर्लांगेन येथे १७८९ साली एका कुलूप करणाऱ्या कारागिराच्या घरी गेओर्ग सिमोन ओहम यांचा जन्म झाला. स्वकष्टाने गणित आत्मसात केलेल्या वडिलांनी आपल्या मुलांनाही त्याची गोडी लावली. १८११ साली ओहम डॉक्टर झाले. परंतु विद्यापीठात स्थैर्याची जागा लाभली नाही आणि शाळेतील अध्यापन हेच उपजीविकेचे साधन ठरले.

१८१७ पासून कोलोनच्या शाळेत शिकवीत असताना त्यांनी तेथील उपकरणांवर विद्युत्प्रवाहाचे प्रयोग आरंभिले. विद्युतघटाचा प्रवाह सारखा कमीजास्त होई. म्हणून त्यांनी बिस्मथ व तांबे यांचा एक सांधा उकळत्या पाण्यात आणि दुसरा बर्फात ठेवून स्थिर प्रवाह मिळविला व निरनिराळ्या लांबीच्या आठ तांब्याच्या तारा तपासल्या. दाब आणि प्रवाह यांचे प्रमाण ठरलेले असते. तार लांब तितका रोध अधिक, जाड तितका कमी, हा हिशेब त्यांनी १८२७ च्या ग्रंथात गणिताने मांडला.

शाळेने त्यांना अर्ध्या वेतनावर रजा दिली होती. विद्वज्जनांनी मात्र या ग्रंथाची उपेक्षाच केली. अपेक्षित प्राध्यापकपद मिळेना, तेव्हा १८२८ मध्ये त्यांनी नोकरीचा राजीनामा दिला. पुढील काही वर्षे तुटपुंज्या मिळकतीवर काढल्यानंतर १८३३ साली न्यूरेंबर्गच्या तंत्रशाळेत त्यांना जागा मिळाली. १८४१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने कोप्ले पदक दिले. म्यूनिकच्या विद्यापीठात भौतिकीचे प्राध्यापकपद लाभले ते १८५२ साली, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी. आणि १८५४ मध्ये त्यांचे निधन झाले. रोधाच्या एककाला त्यांचे नाव १८८१ च्या पॅरिस परिषदेत मान्य झाले.

त्या हिशेबावाचून आजही चालत नाही. संगणकातील सर्किट बोर्डावर तारांऐवजी तांब्याच्या पातळ पट्ट्या असतात. ३५ मायक्रॉन जाड, १ मिलिमीटर रुंद व १० सेंटिमीटर लांब पट्टीचा रोध सुमारे ०.०५ ओहम भरतो. तिच्यातून २ अँपिअर प्रवाह गेला, तर ०.१ व्होल्ट वाटेतच खर्ची पडतो आणि पट्टी तापते. रुंदी दुप्पट केली, की रोध निम्मा होतो. शाळेच्या प्रयोगशाळेतून निघालेले हे सत्य ओळखण्यास विद्यापीठांना पंचवीस वर्षे लागली. संशोधन कोणत्या पदावरील माणसाने केले, हे आधी पाहणाऱ्या प्रत्येक समाजाने या विलंबाचा विचार केला पाहिजे.