बाबासाहेबांची दुसरी विलायतवारी

परदेशी शिकून आलेल्या माणसाची आपल्याकडे पूर्वीपासूनच अपूर्वाई. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव निघाले की त्यांच्या पदव्यांची लांबलचक यादी सांगितली जाते. आपण थक्क होतो आणि ‘ती माणसेच वेगळी’ असे म्हणून मोकळे होतो. पण त्यांचे विद्यार्थिजीवन वाचताना मला वेगळ्याच गोष्टीने विचार करायला लावले. पैशांअभावी बाबासाहेबांचेही शिक्षण मध्येच सुटले होते, आणि ते पुरे करायला ते पुन्हा गेले!

एल्फिन्स्टन महाविद्यालयातून बी.ए. झाल्यावर भीमराव बडोदे संस्थानात नोकरीला लागले. थोड्याच दिवसांत, 2 फेब्रुवारी 1913 रोजी, वडील सुभेदार रामजी वारले. घरी पत्नी रमाबाई, तान्हा यशवंत आणि मोठे कुटुंब. त्याच वर्षी सयाजीराव महाराजांनी त्यांना अमेरिकेतील शिक्षणासाठी शिष्यवृत्ती दिली. दरमहा साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे, आणि परतल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी, असा करार होता.

जुलैमध्ये ते न्यूयॉर्कला पोहोचले. शाळेत ज्याला वेगळ्या गोणपाटावर बसावे लागले, त्याला कोलंबिया विद्यापीठात सर्वांच्या पंगतीला बसता येऊ लागले. सेलिग्मन, ड्यूई यांच्यासारखे प्राध्यापक लाभले. 1915 मध्ये ते एम.ए. झाले. मे 1916 मध्ये त्यांनी भारतातील जातींविषयीचा आपला निबंध तेथील परिसंवादात वाचला. ज्या प्रश्नाने घरी छळले, तोच परदेशी जाऊन त्यांनी अभ्यासाला घेतला.

त्याच वर्षी ते लंडनला गेले. अर्थशास्त्रासाठी ‘लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स’ आणि बॅरिस्टरीसाठी ‘ग्रेज इन’ अशा दोन्हीकडे त्यांनी नाव घातले. पण वर्षभरात शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि परतावे लागले. निघताना त्यांनी एक गोष्ट मात्र केली. चार वर्षांच्या आत येऊन अभ्यास पुढे चालू करण्याची परवानगी विद्यापीठाकडून मिळवली. दार लोटून घेतले, पण कडी लावली नाही.

ते दिवस पहिल्या महायुद्धाचे. ज्या बोटीने त्यांचे सामान येत होते, ती पाणतीराने बुडवली आणि पुस्तके समुद्रात गेली. 21 ऑगस्ट 1917 रोजी ते मुंबईत उतरले. करारानुसार बडोद्याला रुजू झाले, तर कोलंबियाच्या या एम.ए.ला गावात राहायला खोली मिळेना. पारशी नाव घेऊन ते एका पारशी विश्रामगृहात राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. दोघा मित्रांकडे विचारून पाहिले, पण आसरा मिळाला नाही. रात्रीच्या गाडीची वाट पाहत ते सार्वजनिक बागेत बसून राहिले. विद्वत्तेने जात पुसली जात नाही, हे त्यांना त्या बागेत किती कठोरपणे कळले असेल!

दुसरा कोणी असता तर इथेच थांबला असता. बाबासाहेबांनी नोव्हेंबर 1918 मध्ये सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी धरली. परळच्या बी.आय.टी. चाळीतल्या दोन खोल्यांत राहून पै-पै शिल्लक टाकली. शाहू महाराजांनी साहाय्य केले, नवल भथेना या मित्राने कर्ज दिले, आणि जुलै 1920 मध्ये, चार वर्षांची मुदत संपण्यापूर्वीच, ते पुन्हा बोटीवर चढले.

या खेपेला हाताशी शिष्यवृत्ती नव्हती. सकाळी ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात जायचे ते संध्याकाळी बाहेर पडायचे. रात्री भूक लागली की भाजलेले पापड खायचे आणि पुन्हा वाचत बसायचे. 1921 मध्ये एम.एस्सी. झाले, 1922 मध्ये बॅरिस्टर. रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंध परीक्षकांना झोंबला, तेव्हा मुंबईला परतून त्यांनी तो नव्याने लिहून पाठवला आणि 1923 अखेर डी.एस्सी. मिळवली.

या सगळ्या काळात इकडे मुंबईत संसार ओढला तो रमाबाईंनी. पाच मुलांपैकी एक यशवंतच जगला. 27 मे 1935 रोजी रमाबाई गेल्या. पुढे बाबासाहेबांनी पाकिस्तानवरील आपला ग्रंथ त्यांच्या स्मृतीस अर्पण केला. आमच्या घाटकोपरला महामार्गालगतची वस्ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. त्या नावावरून रोज बसने जाताना, पदवीच्या कागदावर एकाचेच नाव का असते, असा प्रश्न मला पडतो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. माझ्या फीसाठी आईने किती जादा कामे धरली, हे माझ्या मार्कशीटवर कुठेही लिहिलेले नसते.

बाबासाहेबांनी हे ऋण जाणले. 1946 मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले, तेव्हा पोटासाठी नोकरी करणाऱ्या मुलांसाठी सकाळचे वर्ग ठेवले. शिक्षण सुटण्याचे दुःख ज्याने भोगले, त्यालाच हे सुचणार. पुढची घटनेची कामगिरी, आणि 6 डिसेंबर 1956 रोजी झालेले महानिर्वाण, सर्वांना ठाऊकच आहे.

आपल्या वर्गातही दरवर्षी काही जागा रिकाम्या होतात. कोणी दुकानात लागतो, कोणाचे लग्न ठरते. मित्रमैत्रिणींनो, त्यांतले कोणी भेटले तर पहिल्या विलायतवारीपेक्षा दुसरीचीच गोष्ट त्यांना सांगा. सुटलेले शिक्षण पुन्हा धरता येते. आणि आपण जे अजून वर्गात बसलो आहोत, त्यांनी आपल्या बाकाची किंमत कोण मोजते आहे, हे विसरू नये.