वादळाची चाहूल घेणारे फादर विन्येस



वादळ येणार असले तर आज मोबाईलवर आधी कळते. दीडशे वर्षांपूर्वी तशी सोय नव्हती. घरावरचे छप्पर उडाले की वादळ आले हे समजे. ही स्थिती बदलण्यात एका धर्मगुरूंचा मोठा वाटा आहे. या रविवारी आम्ही त्यांची ओळख करून देत आहोत.

फादर बेनितो विन्येस यांचा जन्म १८३७ साली स्पेनच्या कातालोनिया प्रांतातील पोबोलेदा या गावी झाला. १८५६ साली ते येशूसंघात दाखल झाले. १८७० साली त्यांना क्युबाची राजधानी हवाना येथील बेलेन कॉलेजच्या वेधशाळेचे संचालक म्हणून पाठवण्यात आले. क्युबा तेव्हा स्पेनच्या ताब्यात होते व तेथे स्वातंत्र्ययुद्ध पेटले होते. त्यातच दरवर्षी पावसाळ्यात चक्रीवादळांची भीती असे.

फादरांनी लगेच भाकिते केली नाहीत. पाच वर्षे ते अभ्यास करत राहिले. वेधशाळेच्या जुन्या नोंदी त्यांनी तपासल्या. वायुभारमापकातील पारा किती उतरला, वारा कुठून आला, ढग कुठे सरकले, हे ते रोज टिपून ठेवत. वादळ अजून शेकडो मैल दूर असताना आकाशात फार उंचावर पिसांसारखे ढग पसरतात आणि ते क्षितिजावरच्या एका बिंदूतून निघाल्यासारखे दिसतात, हे त्यांच्या ध्यानात आले. वादळात खालचा वारा केंद्राकडे ओढला जातो आणि वरचा बाहेर फेकला जातो. म्हणून वरचे व खालचे ढग एकत्र पाहिले, तर केंद्र कुठे आहे व ते कुठे सरकत आहे याचा अंदाज बांधता येतो.

११ सप्टेंबर १८७५ रोजी त्यांचा पहिला इशारा हवानाच्या वृत्तपत्रात आला. दोन दिवसांनी वादळ क्युबाच्या दक्षिण किनाऱ्यावर पोहोचले. इशाऱ्यामुळे अनेकांचे प्राण वाचले. १८७६ साली मात्र 'लिबर्टी' नावाच्या अमेरिकन जहाजाच्या कप्तानाने त्यांच्या इशाऱ्याकडे दुर्लक्ष करून हवाना बंदर सोडले. ते जहाज बुडाले.

त्याच वर्षी पोर्तो रिको बेटाला वादळाचा जबर तडाखा बसला, तेव्हा नुकसान पाहण्यासाठी फादर स्वतः तेथे फिरले. १८७७ साली त्यांनी या वादळांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. पुढे इतर बेटांवरच्या निरीक्षकांकडून त्यांना तारेने बातम्या मिळू लागल्या. लोक त्यांना प्रेमाने 'वादळांचे फादर' म्हणत. शिकागोच्या हवामान परिषदेसाठी अखेरचा प्रबंध लिहून, २३ जुलै १८९३ रोजी ते हवाना येथे प्रभूच्या घरी गेले.

त्यांचे काम बेलेनमधील शिष्यांनी पुढे चालवले. १९०० साली क्युबावर अमेरिकेचा अंमल होता. तेथील हवामान खात्याने क्युबाच्या वेधशाळांच्या वादळविषयक तारांवर बंदी घातली. सप्टेंबरमध्ये एक वादळ क्युबावरून पुढे गेले. ते अटलांटिककडे वळेल असे खात्याला वाटले. बेलेनच्या वेधशाळेने मात्र ते टेक्सासच्या दिशेने जाईल असे ओळखले होते. ८ सप्टेंबरला टेक्सासचे गॅल्व्हस्टन शहर समुद्राने गिळले. किमान सहा हजार माणसे मेली.

बंधुभगिनींनो, खूण आणि कारण यांचे नाते ओळखणे म्हणजे ज्ञान. फादर विन्येस यांनी ते आपल्यापाशी ठेवले नाही, वेळेवर शेजाऱ्याच्या दारी पोहोचवले. पण इशारा ऐकणारा नसेल तर तो वाया जातो. फादरांनी आपले काम चोख केले, पण 'लिबर्टी'च्या कप्तानाने आणि पुढे त्या खात्याने ऐकले नाही. सांगणारा कोण, आपला की परका, हे पाहण्याआधी तो काय सांगतो ते ऐकावे. आभाळ भरून आले आणि होडी समुद्रात नेऊ नका असा निरोप आला, तर त्या दिवशी होडी किनाऱ्यावरच राहू द्यावी. असे करण्यात कसलाही भित्रेपणा नाही, असे आम्हाला वाटते.